बोळक्या तोंडातील पहिला दात

घरातील सर्वांत वयस्कर माणूस आणि सर्वांत लहान मूल समोरासमोर बसून हसू लागले, की पाहणाऱ्यालाही हसू आवरत नाही. दोघांचीही तोंडे बोळकी. एकाचे दात येऊन गेलेले, दुसऱ्याचे अजून यायचे. म्हणूनच की काय, बाळाच्या खालच्या हिरडीवर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका पहिल्यांदा दिसतो तो बहुधा आजीला. पेज भरवताना चमचा कशाला तरी लागून टिक् असा आवाज होतो आणि आजी घरभर सांगत सुटते, ‘दात आला गं बाळाला!’

वाचकहो, हा लेख त्या आजीसाठी आणि तिच्या शेजारी बसलेल्या आजोबांसाठी आहे. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील पाड्यांवर तर मुलांचा सांभाळ फार मोठ्या प्रमाणात वडीलधाऱ्यांच्याच हाती असतो. दिवाळी सरून भाताची कामे आटोपली, की कितीतरी घरांतील कर्ती माणसे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, कोणी गुजरातच्या किनाऱ्यावरील मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून जातात. कोणी उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत, तर कोणी चिकूच्या वाड्यांत रोजाने राबतात. तान्हे मूल आईबरोबर जाते. पण जरा मोठे झाले, की ते आजीच्या स्वाधीन होते. त्याला काय खाऊ घालायचे, त्याचे तोंड कधी धुवायचे, आजारी पडले तर दवाखान्यात केव्हा न्यायचे, हे सारे निर्णय मग आपल्यालाच घ्यावे लागतात. त्यातील काही निर्णय दातांपुरते असतात, तर एक थेट जिवाशी निगडित असतो. म्हणून आरंभ त्याच्यापासून करू.

‘दात येताहेत, म्हणून जुलाब होताहेत’

हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे, कदाचित उच्चारलेही आहे. बाळाला पातळ शौचास होऊ लागले, अंग तापले, की घरातील अनुभवी माणूस हिरडीवरून बोट फिरवते, तिथे टणकपणा लागतो, आणि निदान होऊन जाते. पाण्यासारखे जुलाब दोन-तीन दिवस चालू राहतात आणि घर दात वर येण्याची वाट पाहत बसते.

हा समज केवळ आपल्याकडचा नव्हे. सतराव्या शतकात लंडन शहरात मृतांच्या याद्या छापल्या जात. त्यांत मृत्यूचे एक कारण म्हणून चक्क ‘दात’ असे लिहिलेले असे. पुढे इंग्लंडमध्ये दात येणाऱ्या बाळांसाठी पारा घातलेली पूड विकली जाऊ लागली. त्या पाऱ्याने मुलांचे हात-पाय गुलाबी होऊन सोलले जात, मुले रात्रंदिवस किरकिरत, काही दगावतही. १९५४ च्या सुमारास ती पूड बाजारातून गेली आणि तो आजारही जवळजवळ नाहीसा झाला. आपल्याकडे वाग्भटांच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथातही दात येण्याच्या काळातील आजारांचा विचार आहे. मात्र दात उगवल्यावर असे त्रास आपोआप शमतात, म्हणून बालकाला फार बंधनात ठेवू नये, असा शहाणपणाचा सल्लाही तिथेच आहे.

मग हा समज इतका पक्का कशामुळे झाला? कारण दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. पहिला दात साधारणपणे सहाव्या महिन्याच्या सुमारास येतो. त्याच सुमारास आईकडून मिळालेली रोगप्रतिकारक शक्ती ओसरू लागते. बाळ पालथे पडते, रांगू लागते, अंगणातील वस्तू उचलून तोंडात घालते. वरचे अन्न आणि वरचे पाणी सुरू होते, तेही त्याच महिन्यांत. जुलाब होतात ते या अस्वच्छ हातांनी, पाण्याने, वाटी-चमच्याने पोटात गेलेल्या जंतूंमुळे. दात बिचारा केवळ त्या वेळी तिथे हजर असतो.

दात येताना लाळ अधिक गळते, हिरडी किंचित सुजते, बाळ दिसेल ते चावू पाहते, किरकिर करते, झोप थोडी मोडते, अंग जरासे कोमट लागते. एवढे दातांचे म्हणता येईल. परंतु १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, पाण्यासारखे जुलाब, वारंवार उलट्या, झटके, ही लक्षणे दातांची नव्हेत. त्यांचे कारण वेगळे आहे आणि ते शोधलेच पाहिजे.

जुलाब सुरू होताच काय करावे? अंगावरचे दूध मुळीच तोडू नये, उलट अधिक वेळा पाजावे. आशाताईंकडे किंवा अंगणवाडीत क्षारसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची पुडी मिळते. एक लिटर पाणी उकळून थंड करावे, संपूर्ण पुडी त्यात विरघळवावी, आणि ते पाणी वाटी-चमच्याने थोडे थोडे देत राहावे. तयार केलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. त्याबरोबर झिंकची गोळी चौदा दिवस द्यायची असते. जुलाब थांबले म्हणून ती मध्येच बंद करू नये. सहा महिन्यांहून मोठ्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम हे तिचे प्रमाण. त्याहून लहान बाळाला निम्मे.

आणि पुढील गोष्टी दिसल्या, तर दातांची चर्चा बाजूला ठेवून बाळाला तत्काळ रुग्णालयात न्यावे: डोळे खोल गेलेले, रडताना अश्रू नाहीत, लघवी फार कमी झालेली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली असता सावकाश खाली बसते, बाळ सुस्त पडले आहे किंवा पिईनासे झाले आहे, शौचात रक्त आहे. कासा आणि डहाणू येथील उपजिल्हा रुग्णालये व तलासरीचे ग्रामीण रुग्णालय यांपैकी जे जवळ असेल ते गाठावे. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. लहान बाळाच्या अंगातील पाणी फार झपाट्याने आटते. इथे वाट पाहणे परवडत नाही.

हिरडी शिवशिवते तेव्हा

त्रास खरोखर दातांचाच असेल, तर उपाय अगदी साधे आहेत. हात साबणाने धुवावेत, बोटाला स्वच्छ ओले फडके गुंडाळावे आणि हिरडीवरून हलकेच फिरवावे. थंड पाण्यात बुडवून पिळलेले स्वच्छ फडके चावायला द्यावे. धुतलेला चमचा माठातील थंड पाण्यात ठेवून त्याचा पाठचा भाग हिरडीवर टेकवावा. लाळेने हनुवटी ओली राहून पुरळ येते, ती वरचेवर टिपून कोरडी ठेवावी. आणि बाळाला कडेवर घेऊन अंगणात फिरवावे, ही मात्रा तर आपल्या पिढीला कोणी शिकवायला नको.

काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. हिरडी बधिर करणारी मलमे लहान बाळाला लावू नयेत. त्यांतील काही औषधांमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. हिरडीला मशेरी, तंबाखू किंवा मद्याचे बोट कदापि लावू नये. एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये, गुटीतही नाही. मधातील एका जंतूमुळे तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. दात सोपे जावेत म्हणून गळ्यात घातलेली मण्यांची माळ झोपेत गळ्याला फास ठरू शकते. मणी तुटून श्वासनलिकेत अडकू शकतो. श्रद्धेचा दोरा असेल, तर निदान बाळ झोपताना तो काढून उशापासून दूर ठेवावा.

कोणता दात केव्हा

सामान्यतः खालचे पुढचे दोन दात आधी येतात, मग वरचे पुढचे. त्यानंतर बाजूचे पटाशीचे दात, पहिल्या दाढा, सुळे आणि शेवटी मागच्या दाढा. अडीच ते तीन वर्षांपर्यंत दुधाचे एकूण वीस दात पूर्ण होतात. चौथ्या महिन्यात पहिला दात दिसला तरी चालतो, बाराव्या महिन्यात दिसला तरीही चालतो. कित्येक घराण्यांत दात उशिराच येतात. दीड वर्षापर्यंत एकही दात आला नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. कुपोषणामुळे, मुडदूस झाल्यामुळे किंवा थायरॉईडच्या कमतरतेमुळेही दात लांबतात, आणि त्या वेळी दातांपेक्षा मूळ दुखण्यावर उपचार करावा लागतो.

वरचे दात आधी आले, तर ते मामाला वाईट, असे आपल्याकडे म्हणतात. क्वचित एखादे बाळ जन्मतःच दात घेऊन येते आणि घर हादरते. दोन्हीत अशुभ काहीही नाही. जन्मतः असलेला दात हलत असेल किंवा त्यामुळे दूध पिताना अडचण येत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे, इतकेच. मामाला निश्चिंतपणे बारशाला बोलवावे.

आणखी एक गैरसमज: ‘दात आले की मग घास द्यायचा.’ सहा महिने पूर्ण झाले की वरचे अन्न सुरू करायचे, दात असोत वा नसोत. बाळाची हिरडी मऊ भात-वरण, कुस्करलेले केळे सहज चिरडू शकते. दातांच्या प्रतीक्षेत उष्टावण लांबणीवर टाकले, तर बाळाचे वजन मागे पडते.

‘पडणारच आहेत, मग जपायचे कशाला?’

दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात हे खरे. पण ते पुढचे दात. दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे वाढीच्या वयातील भाकरी त्याच दाढांवर चावली जाते. दुधाच्या दातांवरील कवच कायमच्या दातांपेक्षा पातळ असते, त्यामुळे कीड आत लवकर शिरते. ठणका लागलेले मूल जेवत नाही, रात्री झोपत नाही. ते सांगूही शकत नाही. फक्त ताट दूर सारते, आणि आपण म्हणतो, ‘खायला फार किरकिर करतो.’

पालघर जिल्ह्याचे नाव राज्यभर पोचले ते दुर्दैवाने कुपोषणाच्या बातम्यांतून. अशा ठिकाणी किडका दात ही क्षुल्लक गोष्ट राहत नाही. कुपोषणाने दातांचे कवच कच्चे घडते, कच्चे दात लवकर किडतात, किडलेल्या दातांनी मूल कमी खाते, आणि कमी खाल्ल्याने पुन्हा वजन घटते. हे चक्र कुठेतरी तोडावे लागते. शिवाय दुधाची दाढ वेळेआधी काढावी लागली, की शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला वाट मिळत नाही. सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ तर कोणताही दात न पाडता, अगदी मागे, गुपचूप उगवते. ती दुधाचीच आहे असे समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते आणि आयुष्यभराची दाढ लहानपणीच जाते.

कीड येते कोठून

दातावर गोडाचा अंश राहिला, की तोंडातील जंतू त्याचे आम्ल करतात आणि ते आम्ल कवच विरघळवते. हे जंतू बाळ जन्मतः आणत नाही. ते बहुधा सांभाळणाऱ्या मोठ्या माणसांच्या लाळेतून येतात. स्वतः चावून मऊ केलेला घास बाळाला भरवणे, चमचा आधी आपल्या तोंडात घालून मग त्याच्या तोंडात देणे, ही मायेचीच रीत. पण त्यातून आपल्या किडक्या दातांचा वारसा नातवंडाकडे जातो. म्हणून घास बोटांनी कुस्करावा, दातांनी नव्हे. आणि स्वतःच्या किडलेल्या दातांवर, हिरड्यांवर उपचार करून घ्यावेत. मशेरीची सवय असेल, तर ती सोडण्यासाठी नातवाच्या पहिल्या दाताइतका चांगला मुहूर्त दुसरा नाही.

किती गोड खाल्ले, यापेक्षा किती वेळा खाल्ले, हे अधिक घातक ठरते. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपी जाणारे मूल रात्रभर दात गोडात भिजवत असते. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे गोड धुऊन जात नाही. अशा मुलांचे वरचे पुढचे दात प्रथम किडतात. खालचे दात जिभेच्या आडोशाने काही काळ वाचतात. बाटली शक्यतो आणूच नये. तिच्यामुळे जुलाबही होतात. वाटी-चमचा उत्तम. अंगावरचे दूध दोन वर्षे आणि पुढेही पाजावे. दात आल्यावर निजण्यापूर्वी दात पुसून घ्यावेत, एवढी काळजी पुरे.

चहात बुडवलेले बिस्किट हा आपल्याकडचा सर्वांत सोपा खाऊ. ते दातांच्या खाचांत चिकटून बसते आणि पोट भरल्याचा आभास निर्माण करते. त्याऐवजी नागलीची पेज किंवा भाकरी कुस्करून द्यावी; नागलीत कॅल्शियम भरपूर असते. उकडलेले अंडे, काटे काढलेली मासळी, डाळ, केळे द्यावे. आणि चिकू? २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला डहाणू-घोलवडचा चिकू आपल्या दारचा आहे. तो द्यायलाच हवा. बी काढून, कुस्करून, जेवणाबरोबर द्यावा आणि वरून घोटभर पाणी पाजावे. दिवसभर चिकूची फोड हातात देऊन चोखत ठेवू नये आणि रसात साखर घालू नये.

दात घासायचे कसे

दात येण्यापूर्वीच दूध पाजल्यानंतर हिरड्या स्वच्छ ओल्या फडक्याने पुसाव्यात. बाळाला तोंडात बोट जाण्याची सवय होते. पहिला दात दिसताच लहान मुलांचा मऊ ब्रश आणावा. फ्लोराइड असलेली पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षे वाटाण्याएवढी. त्याहून अधिक नको. सकाळी एकदा आणि रात्री निजण्यापूर्वी एकदा. रात्रीची वेळ चुकवू नये. राखुंडी, कोळसा, मीठ, विटेची पूड यांनी पातळ कवच झिजते.

आपली नजर मंद झाली असेल, तर दारात, उजेडाकडे तोंड करून बसावे. दोघे असाल, तर समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसावे. बाळाचे पाय एकाकडे, डोके दुसऱ्याच्या मांडीवर. डोक्याकडील व्यक्तीला सारे तोंड नीट दिसते. बोटे आखडत असतील, तर ब्रशच्या दांडीला चिंधी गुंडाळून ती जाड करावी. मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत शेवटचा हात मोठ्यांनीच फिरवावा.

महिन्यातून एकदा वरचा ओठ उचलून पाहावे. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची पहिली खूण. या टप्प्यावर फ्लोराइडचा लेप लावून आणि सवयी बदलून दात वाचतो. रेघ तपकिरी झाली, खड्डा पडला, तरीही दात काढणे हाच उपाय नसतो. कीड थांबवणारे औषध नुसते लावताही येते. त्याने डाग काळा होतो, पण बहुधा कीड थांबते. एक वर्षाच्या आत दंतवैद्यांची पहिली भेट व्हावी, असा बालदंततज्ज्ञांचा सल्ला आहे.

आपल्या दारातील मदत

यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथूनच झाला. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होते. या कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करते आणि ज्या व्याधी पाहायच्या, त्यांत दातांचे विकारही आहेत. पथक येण्याचा दिवस अंगणवाडीताईंना विचारून ठेवावा आणि त्या दिवशी स्वतः हजर राहून म्हणावे, ‘दातही पाहा.’

दुधाच्या दातांची घडण आईच्या पोटातच सुरू होते. म्हणून सून गरोदर असेल, तर डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतील एक वेळचा चौरस आहार तिला अंगणवाडीत नियमित मिळतो ना, हे पाहावे. सात महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या बालकांना याच योजनेत अंडी किंवा केळी मिळतात. कुटुंब कामासाठी बाहेरगावी निघाले, तर गाठोड्यात माता-बाल संरक्षण कार्ड, ओआरएसच्या पुड्या आणि बाळाचा ब्रश आठवणीने बांधून द्यावा.

‘अंगणवाडी’ या कल्पनेची मुळे आपल्याच तालुक्यात आहेत. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते कोसबादच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत, म्हणून शाळाच मुलांच्या अंगणात न्यावी, असे ताराबाईंनी आणि अनुताई वाघ यांनी ठरवले. कोणी आपल्याकडे येण्याची वाट न पाहता त्या मुलापाशी गेल्या. आजी-आजोबांनो, आपल्याला तर तेवढेही चालायचे नाही. मूल आपल्या मांडीवरच आहे. आज रात्री ते झोपण्यापूर्वी हात धुवा, दिवा जवळ ओढा आणि त्याचा वरचा ओठ हलकेच उचलून पाहा.